शोभाबाईंच्या ट्रकसाठी सुटे भाग

आलापल्लीहून परतले तेव्हा ऑफिसात ज्याने त्याने एकच विचारलं, "वाघ दिसला का?" चंद्रपूरकडे गेलेल्या माणसाने वाघ पाहूनच परतायचं असतं, असा पुण्यात समज आहे. मी म्हटलं, "नाही, मी मदरबोर्ड घ्यायला गेले होते." लोक हसले आणि आपापल्या चहाला लागले. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

मी दर रविवारी दुपारी ट्रक चालवते. खरा नव्हे, कम्प्युटरवरच्या खेळातला. आमचा सात-आठ जणांचा ताफा आहे. कानाला हेडफोन लावायचे, आपापल्या गावातून एकाच रस्त्यावर ट्रक काढायचे आणि गप्पा मारत चारशे-पाचशे किलोमीटर माल पोचवायचा. ताफ्यात सगळ्यांत पुढे असायची सिस्टर. तिचं खरं नाव शोभाबाई. वय बासष्ट. अहेरी-आलापल्लीकडच्या उपकेंद्रांवर तीस-पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या. पुढच्या वळणावर रस्ता निसरडा आहे, घाटात दुसरा गिअर टाका, मागच्याने अंतर ठेवा, हे सगळं त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की आमच्यातला सगळ्यांत उतावळा गडीही मुकाट ऐकायचा.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी त्यांचा आवाज मधेच तुटला तो तुटलाच. वीज जाऊन परत आली ती जोरात आली, आणि त्यांचा कम्प्युटर गेला. पुढे चार महिने आमचा ताफा नुसता भरकटत होता. शोभाबाईंनी नव्या कम्प्युटरसाठी चाळीस हजार बाजूला काढले होते आणि त्याच्या वर एक रुपयाही टाकणार नव्हत्या. गेम चालेल असा कम्प्युटर या पैशात तयार मिळत नाही. सुटे भाग निवडून घरी जोडला तर जमतो. आम्ही सगळ्यांनी त्यांना याद्या पाठवल्या.

त्यांचा फोन आला. "मृणाल, तुमच्या सात याद्या आल्या आणि एकीचं दुसरीशी पटत नाई. पार्सल आलापल्लीपर्यंत येते, पण वस्तू खराब निघाली तर वापस कोण नेईल? मले डोळ्यानं पाहून घ्याचं आहे."

माझी डिसेंबरातली रजा शिल्लक होती. मी तिकीट काढलं. सातांतली सर्वांत हुशार यादी आपलीच आहे याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती.

चंद्रपूर

बस स्टँडवर मी त्यांना आवाजावरून ओळखलं. पाठमोऱ्या उभ्या राहून त्या एका ऑटोवाल्याला सांगत होत्या, "भाऊ, इंडिकेटर न देता वळून राह्यले तुम्ही." सुती साडी, त्यावर मरून स्वेटर, खांद्याला पिशवी. मी हाक मारली तशा वळल्या, "जय भीम" म्हणाल्या आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "आवाजावरून तू जाडी वाटत होती."

पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली वस्तू होती. जळालेला मदरबोर्ड. "पेशंट संगं आणला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले दाखवल्याशिवाय दुसरी दवाई काऊन घ्याची?"

आधी तर्री पोहे खाल्ले. पुण्यात पोह्यांवर शेव आणि खोबरं पडतं. इथे वरून लाल तर्री, म्हणजे झणझणीत तेलकट रस्सा ओततात, आणि आपल्या डोळ्यांत पाणी आलं की दुकानदार समाधानाने बघतो. मग जटपुरा गेटाच्या आत एका गल्लीतल्या नितीनभाऊंच्या दुकानात गेलो. जुन्या गोंड राजधानीच्या त्या दगडी दरवाजातून ऑटो, कोळशाची धूळ अंगावर घेतलेल्या मोटारसायकली आणि शाळेच्या व्हॅन सगळं एकदम आत शिरतं. त्याला कुणी विशेष समजत नाही.

नितीनभाऊ पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी मदरबोर्ड उलटसुलट केला, वास घेतला आणि म्हणाले, "बाई, हा गेला. पण हा पहिला नाई गेला. तुमचा पॉवर सप्लाय हलका होता, त्यानं याले मारलं."

पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटणारा डबा. कुणाच्या नजरेत न भरणारी वस्तू, म्हणून लोक तिथेच पैसे वाचवतात. माझ्या यादीतही मी तेच केलं होतं. वाचवलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घातले होते, कारण गेमसाठी जीव ओतायचा तो कार्डात, असं मी ठामपणे मानत होते. त्यातही एक नामी संधी मिळाली होती. कोरपन्याला एका माणसाने जुनं, पण ताकदवान कार्ड निम्म्याहून कमी किमतीत विकायला काढलं होतं.

नितीनभाऊंनी यादी वाचली. "ताई, मी सांगू का? ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्या. कार्ड लागतच नाई. तुमचा ट्रकवाला गेम आरामसे चालते. पुढं पैसे आले की कार्ड टाका."

"तसं चालवणं म्हणजे नुसतं चालवणं," मी म्हटलं. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

शोभाबाई आमचं बोलणं ऐकत होत्या. मग त्यांनी बोटाने माझ्या यादीतली रिकामी जागा दाखवली. "यात यूपीएस कुठी आहे?"

"सिस्टर, यूपीएस घेतला तर कार्ड बसत नाही पैशात."

"मग कार्ड नाई बसत," त्या म्हणाल्या. "उपकेंद्रात लसीचा फ्रीज होता आमचा. स्टॅबिलायझरशिवाय मी तो एक दिवस लावू दिला नाई. साहेब म्हणे, बाई, फ्रीज तर चालूच आहे ना! मी म्हटलं, साहेब, लस खराब झाली तर बाहेरून दिसत नाई. पोराले टोचल्यावर समजते."

नितीनभाऊंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. यूपीएस आणि भारी पॉवर सप्लाय यादीत सर्वांत वर गेले. कार्डाचं मात्र मी सोडलं नाही. उद्या कोरपन्याला जाऊन बघू, मग प्रोसेसर ठरवू, असं म्हणून आम्ही निघालो. "पाहून घ्या, मी कुठी जातो?" नितीनभाऊ म्हणाले. एक पैसाही आगाऊ मागितला नाही.

कोरपना

गडचांदूर ओलांडलं की सिमेंट कारखान्यांची धुराडी दिसतात आणि लगेच खाली पांढराशुभ्र कापूस. वेचणी चालू होती. कमरेला ओटी बांधलेल्या बाया ओळीने सरकत होत्या. शोभाबाई बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मिळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मिळाल्यावर सगळा वेळ त्याच्या पायांकडे बघत बसल्या.

"तीस वर्षं जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूले बसली मी," त्या म्हणाल्या. "बाळंतीण मागं झोपलेली, नाला भरलेला. ड्रायव्हर मले विचारे, बाई, टाकू का गाडी? आता ह्या पाण्यातून जाते का नाई, हे मले समजे. पण स्टिअरिंग माह्या हातात कधी आलं नाई. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता आपण चालवू."

मला ताफ्यातला त्यांचा शांत आवाज कुठून आला होता ते त्या बसमध्ये कळलं.

कार्ड विकणारा विलास पस्तिशीचा, कापूस-तुरीचा शेतकरी. पूर्वी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. त्यासाठी घेतलेला कम्प्युटर आता पडून होता. पुण्यात जुनी वस्तू घेणारा आणि विकणारा पेट्रोल पंपावर भेटतात, वस्तू आणि पैसे अदलाबदल होतात, पाच मिनिटांत दोघं दोन दिशांना. इथे विलासच्या बायकोने, रेखाने, आधी पाय धुवायला पाणी दिलं आणि "जेवल्याशिवाय नाई जायचं" असं बजावलं.

विलासने कम्प्युटर लावला, गेम सुरू केला. चित्र अप्रतिम. मी मनातल्या मनात पैसे मोजून ठेवले.

"किती वेळ चालवून पाह्यलं?" शोभाबाईंनी विचारलं.

"इतक्यात नाई चालवलं बाई. मागच्या वर्षी चालत होतं."

"मग चालू राहू दे. एक घंटा. तोवर जेवण होते."

तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. ती भाजी मी पुण्यात किती वेळा केली आहे, पण शेतातून तासाभरापूर्वी आलेल्या शेंगांची चव वेगळीच. मी तिसरी भाकर मोडत होते तेव्हा आतून विलासचा आवाज आला, "अरे!"

आम्ही उठून गेलो. पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन पसरले होते. मग पडदा काळा झाला. तापल्यावर कार्ड दगा देत होतं.

विलासने घाईने बटण बंद केलं. "बाई, आईची शपथ, मले माहीत नव्हतं. तुम्ही घंटाभर थांबल्या नसत्या तर मी तुमाले हे विकून मोकळा झालो असतो."

मी अजून हट्ट सोडला नव्हता. "निम्म्या किमतीत देता का? पुण्यात दुरुस्त करून घेऊ."

"नाई ताई," तो म्हणाला. "हे कोणालेच विकत नाई आता." त्याने कार्ड काढलं आणि फडताळात वर ठेवून दिलं.

मग त्यानेच विचारलं, "मेमरी पाह्यजे का? ह्याच्यात दोन पट्ट्या आहेत. मेमरी महाग झाली ना आता." मी मोबाइलवर पाहिलं. नितीनभाऊंनी सांगितलेल्या प्रोसेसरला त्याच प्रकारच्या मेमरीच्या दोन पट्ट्या हव्या होत्या. एक मोठी घेण्यापेक्षा दोन सारख्या असल्या तर पोटातल्या ग्राफिक्सला वेग येतो. या वेळी मी गप्प राहिले. शोभाबाईंनीच सांगितलं, "हेही एक घंटा तपासू." विलासने मॉनिटरची वायर कार्डाऐवजी थेट मदरबोर्डला जोडून तपासणीचा प्रोग्रॅम लावला. तासभरात एकही चूक निघाली नाही. भाव त्याने नव्याच्या निम्म्याने लावला आणि निघताना पिशवीत तुरीच्या शेंगा भरून दिल्या.

परत चंद्रपूर

दुसऱ्या दिवशी नितीनभाऊंनी मला "मी म्हटलं होतं ना" असं म्हटलं नाही. नुसता प्रोसेसर काउंटरवर ठेवला. त्याला साजेसा मदरबोर्ड, गेम साठवायला एसएसडी, पॉवर सप्लाय, यूपीएस. शोभाबाईंनी प्रत्येक खोक्यावरची तारीख वाचली, सील बोटाने चाचपलं. जुना मॉनिटर, स्टिअरिंग आणि कॅबिनेट घरी शाबूत होतं. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत बसलं, आणि उरलेल्या पैशांत आम्ही दोघींनी वडाभात खाल्ला. गरम भातावर कुस्करलेले वडे आणि वरून फोडणीचं तेल. हा पदार्थ पुण्यापर्यंत का आला नाही, याचं मला खरोखर दुःख आहे.

आलापल्ली

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी. आष्टीला वैनगंगा ओलांडली की बसचा आवाजही बदलतो असं मला वाटलं. दोन्ही बाजूंना सागवान. आमच्याकडे झाडं असतात ती एकेकटी, प्रत्येकाला नाव-गाव असल्यासारखी. इथे सरळसोट खोडं मागे मागे जात राहतात आणि नजर पोचते तिथेही संपत नाहीत. मोठी पानं पिवळी पडायला लागली होती. समोरून जड ट्रकांची रांग यायची आणि आमची बस मातीत उतरून उभी राहायची. शोभाबाई प्रत्येक ट्रकवाल्याचं मूल्यमापन करत होत्या. "ह्यानं बरोबर जागा दिली. ह्यानं नाई दिली."

मांडीवर पॉवर सप्लायचं खोकं, पायांत यूपीएस. खड्डा आला की आम्ही दोघी एकदम खोकी धरायचो.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, अंगणात पेरूचं झाड, भिंतीजवळ बुद्धाची छोटी मूर्ती. त्या एकट्याच राहतात. मुलगी हैदराबादला असते. संध्याकाळी अंबाडीची भाजी आणि भात झाला. सकाळी आठला आम्ही चटई पसरली.

जोडायचं काम माझं होतं. इथे तरी मी चुकणार नव्हते. प्रोसेसर बसवला, पंखा लावला, मेमरी, एसएसडी, वायरी. शेजारचे पोचमभाऊ काठी टेकत येऊन दारात खुर्चीवर बसले. सत्तरीचे, कोरा सदरा, जाड काचांचा चष्मा. "पोचमभाऊ सागाचे लठ्ठे वाहायचे ट्रकनं," शोभाबाईंनी ओळख करून दिली. "ह्या भागातला एक रस्ता त्यांनी सोडला नाई."

साडेअकराला मी बटण दाबलं. पंखे फिरले. दिवा लागला. पडदा काळाच.

पुन्हा दाबलं. काळाच. वायर बदलली, मॉनिटर तपासला. दहा वेळा दाबलं. नितीनभाऊंचं सामान सीलबंद होतं. एकच वस्तू जुनी होती.

"विलासची मेमरी," मी म्हटलं. "त्याने फसवलं आपल्याला, सिस्टर. कार्डाचं नाटक करून विश्वास बसवला आणि..." मी फोन हातात घेतलासुद्धा होता.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या. ताफ्यातला तोच आवाज. "त्याच्या घरी आपल्यासमोर घंटाभर चालली ना मेमरी? मग आधी आपलं पाहू. बटण बंद कर. वायर काढ. तू बाजूले हो, पाणी पी."

त्या चटईवर मांडी घालून बसल्या, चष्मा पुसला आणि एकेक भाग बोटाने चाचपत गेल्या, जसं पोट तपासतात तसं. मेमरीच्या दुसऱ्या पट्टीपाशी थांबल्या. "हे इकडून वर आहे."

मी वाकून पाहिलं. पट्टीचं एक टोक केसभर वर होतं. मीच ती पूर्ण दाबली नव्हती. नवा मदरबोर्ड मोडेल या भीतीने हात आखडला होता. त्यांनी अंगठ्याने दाबलं. कट्, असा आवाज आला.

बटण दाबलं. पडदा उजळला.

पोचमभाऊंनी दारातून टाळी वाजवली. मला मात्र विलासच्या घरची तिसरी भाकर आठवत होती. मी विलासला फोन लावला आणि कम्प्युटर चालू झाला एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "चालला ना? मले रात्रभर झोप नाई आली ताई. मी सारखा विचार करून राह्यलो, मेमरीनं तरी धोका नको द्याले." मग रेखानेही फोन घेऊन शेंगांचं काय केलं ते विचारलं.

गेम उतरून घ्यायला संध्याकाळचे चार वाजले. नितीनभाऊ म्हणाले होते तसं आरामात चाललं. चित्र माझ्या पुण्याच्या कम्प्युटरइतकं झगझगीत नव्हतं, पण रस्ता कुठेही अडखळला नाही. शोभाबाईंनी पहिली फेरी मारली. चार महिन्यांनी स्टिअरिंगवर हात, तरी वळणं तशीच गोल. ताफ्यातल्या सगळ्यांना मी फोनवरून त्यांचा हॉर्न ऐकवला. तिकडून जो काही गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही.

मग त्यांनी ट्रक बाजूला लावला आणि दाराकडे पाहिलं. "पोचमभाऊ, या. बसा इथी."

"मी? नाई सिस्टर. माह्या डोळ्याचं तुमाले माहीत आहे. लायसन वापस घेतलं त्याले सहा वर्षं झाले."

"इथी लायसन कोणी पाहत नाई. धडकलं तर परत चालू करू. या."

ते आले. काठी भिंतीला टेकवली. खुर्ची दोनदा मागेपुढे केली, न सांगता. पायाने पेडल शोधली. आम्ही खेळतो त्या नकाशात गाडी डाव्या बाजूनेच चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, आपल्यासारखंच. त्यांनी चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला आणि गाडी काढली.

वीस मिनिटं त्यांनी ट्रक चालवला. एका चढावर त्यांनी वेळेआधीच गिअर उतरवला. एका अरुंद पुलाआधी थांबून समोरच्याला वाट दिली, खेळात त्याची काही गरज नसताना. "मागं लोड आहे," एवढंच पुटपुटले. एकदा कडेला घासलं तेव्हा "च्" केलं आणि गाडी सावरली. शेवटी डेपोत आत घेऊन, उलटी वळवून, दोन रेघांच्या मधे ट्रक उभा केला. मला हे तीन वर्षांत एकदाही पहिल्या फटक्यात जमलेलं नाही.

हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. मग उठायला म्हणून त्यांचा उजवा हात सवयीने बाजूला गेला, दाराचा खटका शोधत, आणि हवेतच थांबला.

त्यांच्या लक्षात आलं. ते ओशाळले. मी दुसरीकडे पाहिलं.

शोभाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी तो हात धरला. "सावकाश उतरा भाऊ," त्या म्हणाल्या. "पायरी उंच आहे."

पोचमभाऊंनी मान हलवली, आधी एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, आणि उतरले.